टेबलफॅनने ट्यूब फुगत नाही : ‘बिनआवाजाच्या इलेक्ट्रिक सुपरचार्जर’चा प्रतिवाद

माझा भाचा वाईला असतो आणि पर्यटकांची गाडी चालवतो. बाराशे सीसीची पेट्रोल गाडी, हंगामात चार प्रवासी आणि डिकीभर सामान, आणि रोजचा, महाबळेश्वरच्या वाटेवरचा पसरणी घाट. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. “मामा, गाडीला सुपरचार्जर बसवला. साडेआठ हजार गेले, पण आता घाटात सारखा गिअर पाडायला नको.” मी चोवीस वर्षे इंजिनांच्या चाचण्यांचे काम केले आहे. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून त्यात जादा हवा कोंबणारे यंत्र, साडेआठ हजारांत येत नाही, हे मला माहीत होते. पण त्या पोराने ते पैसे घाटातल्या फेऱ्यांतून जमवलेले होते, याचा मला जास्त राग आला. ज्या व्हिडिओवर विश्वास ठेवून त्याने हा उद्योग केला तो त्याने मला पाठवला, आणि त्याच आठवड्यात तो आमच्या सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या आणि नात्यातल्या अशा तीन ग्रुपांवर फिरून आला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

व्हिडिओतले म्हणणे थोडक्यात असे. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपात १२ व्होल्टचा एक छोटा पंखा बसवला की इंजिनाची ताकद ३० टक्क्यांनी वाढते. शंभर वर्षे मोटार कंपन्यांना सुपरचार्जरचा आवाज घालवता आला नाही, तो या पंख्याने घालवला. लिटरमागे पाच किलोमीटर अ‍ॅव्हरेज वाढते. इंजिनात काहीही बदल करावा लागत नाही, सोबतची ‘चिप’ गाडीच्या कॉम्प्युटरचे सगळे सांभाळून घेते. आरटीओचा काही प्रश्न येत नाही. आणि मोठी इंजिने विकता यावीत म्हणून कंपन्या हे तंत्र दडपून ठेवतात.

ताकदीचे आधी पाहू, कारण बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे. इंजिनाची ताकद त्यात किती पेट्रोल जळते यावर ठरते आणि पेट्रोल किती जळेल हे हवा किती मिळते यावर ठरते. साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. सुपरचार्जर ती बाहेरून दाबून आत कोंबतो. बाराशे सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असताना मिनिटाला सुमारे ३००० लिटर, म्हणजे सेकंदाला ५० लिटर हवा ओढत असते. या हवेचा दाब ३० टक्क्यांनी वाढवून तितकीच जास्त हवा आत कोंबायची तर अगदी आदर्श, कुठेही गळती किंवा घर्षण नसलेल्या यंत्रालाही १८०० वॉटच्या आसपास ताकद खर्चावी लागेल, आणि प्रत्यक्षातल्या चांगल्या यंत्राला सुमारे ३००० वॉट. घरातला मोठा गीझर एवढी वीज खातो. १२ व्होल्टवर ३००० वॉट म्हणजे २५० अँपिअर होतात, आणि अशा गाडीचा वीज बनवणारा अल्टरनेटर दिवे, एसी, इंधन पंप हे सगळे मिळून शंभर अँपिअरच्या आतच देतो.

भाच्याच्या गाडीतला तो पंखा मी हातात घेऊन पाहिला. काळ्या प्लॅस्टिकचे आवरण, प्लॅस्टिकचीच पाती, आणि मोटरीवरच्या कागदी लेबलावर ‘१२ व्होल्ट, ४ अँपिअर’. म्हणजे ४८ वॉट. आपल्या घरातला टेबलफॅन साधारण एवढीच वीज घेतो. लागते त्याच्या साठाव्या हिश्श्याएवढी ताकद हातात असताना ३० टक्के वाढीचा दावा केला जातो, आणि ते साधन विकणाऱ्यानेच लेबलावर छापलेला आकडा कोणी वाचत नाही.

व्हिडिओत एक प्रयोग दाखवला आहे आणि लोक त्यालाच भुलतात. पंखा चालू करून त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी लावतात आणि ती क्षणात टम्म फुगते. पिशवी फुगते यात शंका नाही. पिशवीला दाब लागतच नाही, नुसती हवा लागते. टेबलफॅनसमोरही पिशवी फुगेल, पण त्याच टेबलफॅनसमोर सायकलची ट्यूब धरली तर ती फुगणार नाही. वारा वेगळा आणि दाब वेगळा. सुपरचार्जरला दाब निर्माण करायचा असतो, तोही सेकंदाला ५० लिटर हवा पुढे ढकलत असताना. आणि तेवढी हवा इंजिन स्वतःच ओढत असेल तर मधला ४८ वॉटचा पंखा तिला पुढे नेत नाही, तो तिच्या वाटेत उभा राहतो.

हे नुसते कागदावरचे गणित म्हणून सोडून द्यायचे नव्हते, म्हणून गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणारा स्कॅनर घेऊन वाईला गेलो. इंजिनाच्या हवेच्या नळीत एक दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला मॅप सेन्सर म्हणतात. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तेव्हा त्याने ९३ किलोपास्कल दाखवले. वाईच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब तेवढाच असतो. मग पंखा चालू ठेवून घाटात दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला. आकडा ९० वर गेला आणि तिथेच राहिला. ३० टक्के वाढ खरी असती तर तो १२० च्या पुढे दिसायला हवा होता. पंखा काढून टाकून पुन्हा त्याच वळणापासून तेच केले, तेव्हा ९१ मिळाले. म्हणजे साडेआठ हजार देऊन इंजिनाच्या श्वासात थोडी का होईना अडचणच विकत घेतली होती. भाचा शेजारी बसून आकडे बघत होता. त्याने पंख्याची वायर स्वतःच ओढून काढली.

घाटात गाडी दमते ही त्याची तक्रार मात्र खरी आहे. महाबळेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर आहे आणि तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकदही जवळजवळ तेवढीच घटते. या खऱ्या अडचणीचा फायदा घेऊनच असली साधने विकली जातात. आणखी एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो : विजेवर चालणारा सुपरचार्जर ही थाप नव्हे. आउडीने २०१६ मध्ये एसक्यू-७ या डिझेल गाडीत तो बसवला. पण त्यासाठी गाडीत ४८ व्होल्टची वेगळी विद्युतव्यवस्था घालावी लागली, त्या कॉम्प्रेसरची मोटर ७ किलोवॉटपर्यंतची आहे, तो मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो, आणि इतके करूनही तो टर्बो (धुराच्या जोरावर फिरून हवा कोंबणारे यंत्र) जागे होईपर्यंतची क्षणभराची पोकळी भरून काढण्यापुरताच वापरला जातो. ७००० वॉट आणि ४८ वॉट यांना एकच नाव देऊन विकणे ही फसवणूक आहे.

आता आवाजाचा मुद्दा. या मुद्द्याने मला सर्वांत जास्त दुखावले, कारण ज्या कामात माणसांनी अख्खी हयात घातली आहे ते काम झालेच नाही असे हा व्हिडिओ सांगतो.

सुपरचार्जर ओरडतो हे ऐतिहासिक सत्य आहे. जर्मनीच्या डाइमलर कंपनीने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या मर्सिडीज गाड्या मांडल्या. त्यांतल्या एकीचे नावच ६/२५/४० असे होते : पहिला आकडा करआकारणीसाठीचा, दुसरा सुपरचार्जरशिवायच्या अश्वशक्तीचा आणि तिसरा सुपरचार्जरसहितचा. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरच तो जोडला जाई आणि मग त्याची किंकाळी लांबवर ऐकू जाई. मुळात हे यंत्र मोटारीसाठी जन्मलेलेच नव्हते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि ते लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवायला वापरले जाऊ लागले. भट्टीशेजारी आवाजाची तक्रार कोण करणार?

तो का ओरडतो हे समजून घेतले की तो शांत कसा केला हेही कळते. रसवंतीच्या चरकात दोन लाटा शेजारी शेजारी फिरतात, तसे रूट्सच्या यंत्रात दोन फिरते भाग असतात. फरक इतकाच की त्यांना पाकळ्या असतात आणि त्या एकमेकींत गुंततात पण टेकत नाहीत. पाकळी आणि भिंत यांच्यामधल्या खणात हवा अडकते आणि पलीकडे नेली जाते. हा खण हवा दाबत नाही, नुसती वाहून नेतो. तो इंजिनाच्या बाजूला उघडतो त्या क्षणी तिथली आधीच दाबलेली हवा उलटी त्यात घुसते आणि एक धक्का बसतो. तीन पाकळ्यांचे दोन भाग असतील तर एका फेरीत असे सहा धक्के, आणि मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर सेकंदाला एक हजार. आपला कान नेमका त्या पट्टीला फार संवेदनशील असतो. शिवाय दोन्ही भाग एका तालात ठेवणाऱ्या गिअरच्या दातांचा खडखडाट वेगळाच.

यावर उपाय एका झटक्यात सापडला नाही, तो इंचाइंचाने सापडत गेला. पाकळ्या सरळ न ठेवता पिळल्या, म्हणजे खण एकदम न उघडता एका टोकाकडून हळूहळू उघडतो आणि धक्का पसरून बोथट होतो. ईटन या कंपनीच्या जुन्या यंत्रांत तीन पाकळ्या आणि ६० अंशांचा पीळ असे; तिच्याच पुढच्या टीव्हीएस नावाच्या मालिकेत चार पाकळ्या आणि १६० अंशांचा पीळ आला. हवेच्या येण्याच्या आणि जाण्याच्या तोंडांचे आकार बदलले. गिअरचे दात तिरके आणि अधिक काटेकोर कापले. एक बायपास झडप बसवली, जिच्यामुळे सावकाश चालवताना हवा सुपरचार्जरमध्येच फिरत राहते आणि इंजिनावर भारही येत नाही, आवाजही होत नाही. फोक्सवॅगनने २००५ च्या १.४ लिटरच्या १७० अश्वशक्तीच्या इंजिनात तर सुपरचार्जर खालच्या फेऱ्यांपुरताच ठेवला आणि वर टर्बोने काम हाती घेतले की तो चुंबकीय क्लचने सुटा केला.

याचा परिणाम काय झाला ते एका इंजिनात नीट दिसते. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि पुढच्या वर्षी या कंपनीचे ५ लिटरचे नवे सुपरचार्ज्ड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन बाजारात आले. ते आधीपासून घडत होते, त्यामुळे त्याचे श्रेय मी टाटांना देत नाही. पण आपल्याकडच्या वाचकाला त्या नावामुळे ते जवळचे वाटेल. आधीचे ४.२ लिटरचे सुपरचार्ज्ड इंजिन चारशेच्या थोडे वर अश्वशक्ती देत होते. नव्याने ५१० दिली. आणि सुपरचार्जरची ती शीळ आधीपेक्षा १५ डेसिबलने खाली आणल्याचे कंपनीने जाहीर केले. डेसिबलचे माप ज्यांच्या सवयीचे नाही त्यांच्यासाठी सांगतो : १५ डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा जवळजवळ तिसाव्या हिश्श्यावर. ‘शंभर वर्षे जमले नाही’ या वाक्याला एवढे उत्तर पुरेसे आहे.

आणि तो पंखा तरी शांत आहे का? पंखा शांत आहे, कारण तो काही करतच नाही. पण गाडी शांत राहिली नाही. पंख्याला जागा व्हावी म्हणून फिटरने एअर फिल्टरचा मूळ डबा काढून तिथे उघडा शंकूसारखा फिल्टर लावला आणि पाइपाला जोडलेला एक ‘रिकामा डबा’ निरुपयोगी म्हणून भंगारात टाकला. तो डबा निरुपयोगी नव्हता. त्याला रेझोनेटर म्हणतात; बाटलीच्या तोंडावर फुंकले की एक ठरावीक सूर निघतो, त्याच तत्त्वावर तो हवेच्या नळीतला एक ठरावीक सूर शोषून घेतो. मूळ फिल्टरचा डबाही निम्मे काम सायलेन्सरचेच करतो. दोन्ही गेल्यामुळे चढावर गाडी घों घों करू लागली, आणि भाच्याला तो आवाज वाढलेल्या ताकदीचा वाटला. ‘मामा, इंजिन कसं बोलतंय ऐका’, असे तो पहिल्या दिवशी म्हणाला होता.

उघड्या फिल्टरचा आणखी एक तोटा झाला. मूळ डबा बाहेरची थंड हवा घेत होता, उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा घेतो. हवा दर दहा अंशांनी तापली की साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते. बॉनेटखाली बाहेरच्यापेक्षा २५ अंश जास्त असतील तर आठ टक्के हवा तिथेच गेली.

ज्या भागाचे नुकसान केवळ पैशांपुरते राहत नाही तो म्हणजे ती ‘चिप’. मी तिचे वेष्टण कापले. आत काही रुपयांचा एक रेझिस्टर निघाला, बाकी काही नाही. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध हवा थंड असली की वाढतो आणि गरम असली की घटतो. त्याच्या जागी हा ठरावीक रेझिस्टर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटते, हवा कायम गार आहे. गार हवा दाट असते म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडून पेट्रोल पुन्हा कमी करतो, म्हणजे तिथे फायदा शून्य. पण घाटात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती दुरुस्ती थांबते आणि जादा पेट्रोल अर्धवट जळून धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरकडे जाते. याहून वाईट म्हणजे हवा खरोखर गरम असते तेव्हा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडून इंजिनाला नॉकिंगपासून, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्यापासून, वाचवत असतो. हवा गरम आहे हेच त्याला कळू दिले नाही, तर एप्रिल-मे महिन्यात भरल्या गाडीने घाट चढताना पिस्टनवर अवेळी घाव बसत राहतात, आणि ते नुकसान साडेआठ हजारांत भरून निघत नाही.

त्यात पंखा फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला बसवलेला. काढल्यावर उजेडात धरून पाहिला तर एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर गेलेली होती. जेमतेम तीन आठवडे झाले होते. ते पाते तुटले असते तर त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये फक्त थ्रॉटलची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी, झडप होती.

‘इंजिनात काही बदल लागत नाही’ याचे उत्तर बाजारातच उभे आहे. टाटांच्या टियागोतले ११९९ सीसीचे तीन सिलिंडरचे साधे इंजिन सुमारे ८५ अश्वशक्ती देते, आणि तेवढ्याच सीसीचे नेक्सॉनमधले टर्बो इंजिन १२०. टर्बो हा सुपरचार्जरचा भाऊच, तो पट्ट्याऐवजी धुराच्या जोरावर फिरतो इतकेच. ही वाढ मिळवताना दाबून तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर लागतो, वाढता दाब सोसतील असे भाग लागतात आणि इंधन व ठिणगी यांचे सगळे वेळापत्रक नव्याने बसवावे लागते. पाइपात पंखा अडकवून यातले काही होत नाही.

अ‍ॅव्हरेजबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक साधने तपासली आणि अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही तिला सापडले नाही. उलट काहींनी इंजिनाचे नुकसान होऊ शकते किंवा धूर बराच वाढू शकतो, असे त्या देशाचा संघीय व्यापार आयोग ग्राहकांना बजावतो. खऱ्या सुपरचार्जरनेही पेट्रोल वाचते ते मोठ्या इंजिनाच्या जागी छोटे बसवता आले तरच. आउडीने एस-४ गाडीत ४.२ लिटरचे व्ही-८ काढून ३ लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-६ बसवले, बचत त्यातून झाली. तेच इंजिन ठेवून वर पंखा लावल्याने बचत कुठून येणार?

कंपन्या दडपतात म्हणावे, तर वर सांगितलेली सगळी इंजिने कंपन्यांनी जाहिराती करून विकलेली आहेत.

राहिला आरटीओचा प्रश्न, तो चालकांसाठी महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किट बसवतानासुद्धा ते मान्यताप्राप्त असावे लागते आणि त्याची नोंद आरसीवर करावी लागते, हे प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक आहे. इंधन आणि हवा यांच्या व्यवस्थेत हात घालणारे दुसरे साधन मात्र ‘असेच चालते’, हे त्याला कोणी सांगितले?

भाच्याच्या गाडीला मूळ फिल्टरचा डबा परत बसवला. रेझोनेटर भंगारवाल्याकडे शोधून मिळाला, सेन्सरची वायर सोल्डर करून पूर्ववत केली. स्पार्क प्लग बदलले आणि चाकांतली हवा नीट केली. विकणाऱ्याने पैसे परत करायला नकार दिला आहे.

आपल्या गाडीला हा पंखा लाभला असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी एवढे करावे. गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारा स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो, ओळखीच्या गॅरेजमध्ये तर फुकटही मिळेल. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि मॅप सेन्सरचा आकडा लिहून घ्या. मग चढावर, शेजारी दुसऱ्या माणसाला बसवून, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवरचा आकडा त्याला वाचायला सांगा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आला, तर दोन्हींचे फोटो त्याच ग्रुपवर टाका. मी गाडी बघायला स्वतः येईन.